मिठागरावरची मुलं शाळेत राहिली तेव्हा

माझी पहिली नेमणूक पेणच्या खाडीकडच्या एका गावात झाली. मी कोलाडची, भातशेतीतली. तोवर खाडी पाहिली होती ती फक्त पुलावरून. शाळा दोन खोल्यांची, आणि तिथं आधीपासून एक बाई होत्या. त्या रोह्याच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच विचारलं, "भाकरी येते का करायला?"

मी हो म्हटलं.

"मग झालं. बाकीचं इथली मुलं शिकवतील."

शाळेमागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. दिवाळीनंतर शाळा उघडली तर वर्ग निम्मा रिकामा. मला वाटलं, गावात कसली साथ आली की काय. बाई म्हणाल्या, "मिठागरावर गेली सगळी." गावातली बरीच कुटुंबं पावसापर्यंत तिकडंच खोपट्या घालून राहायची. मोठी माणसं मीठ ओढायची, मुली धाकट्यांना सांभाळायच्या. जूनमध्ये मुलं परत येत तेव्हा सगळं विसरलेली असत, आणि काही मुली तर पुन्हा शाळेत येतच नसत.

त्या वर्षी बाईंनी ठरवलं, मुलांना शाळेतच मुक्कामाला ठेवून घ्यायचं. बांधावरून चालत आम्ही मिठागरावर गेलो. पांढऱ्या राशींवर ऊन इतकं चमकत होतं की डोळे उघडेनात. तिथल्या एका आईनं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजी पोर धाकट्याला बघते. ती शाळेत बसली तर मी काम करू कशी?"

"धाकट्यालाही पाठव," बाई म्हणाल्या.

"त्याला? तो अजून चड्डी भिजवतो गो बाय."

"भिजवू दे. वाळवायला ऊन आहे."

ती हसली. तिच्यामागोमाग बाकीच्याही तयार झाल्या, कुणी लगेच, कुणी नवऱ्याला विचारून.

मग शाळेत चूल मांडली. गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आळीपाळीनं स्वयंपाकाला येऊ लागल्या. व्हरांड्यात झोळ्या टांगल्या. मी पाढे म्हणून घेताना एका हातानं झोळीची दोरी ओढत असे. बाईंचे यजमान रोह्याला कंपनीत होते. रविवारी शिफ्ट नसली की ते गाडीनं पेणला उतरून भाजीची पिशवी, वाल, कधी मुलांसाठी खोबऱ्याच्या वड्या घेऊन यायचे. कौलं नीट करायचे, मुलांची नखं कापायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला घरी एकटं वाटत नाही का?" ते म्हणाले, "घर रोह्यात आहे, संसार इथं आहे. मी येऊन-जाऊन करतो."

सगळं बरं चाललंय असं वाटत असतानाच एका दुपारी ती चड्डी भिजवणाऱ्या धाकट्याची बहीण दिसेना. दुसरीतली पोर. धाकट्याची झोळीही रिकामी. भरतीची वेळ होती आणि बांधाचा मधला भाग खचलेला, तिथं पाणी वर यायचं. बाई चप्पल न घालताच निघाल्या. मी मागून धावत होते. वाटेत एका खळग्याशी पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बाई घाबरूही शकतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पोर खोपटीत आईच्या मांडीवर होती. भाऊ शेजारी झोपलेला. दोघांचे पाय चिखलानं भरलेले.

आई बाईंकडे बघेना. "आता नाय पाठवायची मी," ती म्हणाली. "पान्यात गेली असती तर?"

बाई काही समजवायला गेल्या नाहीत. जमिनीवर बसल्या, पोरीचे पाय धुतले आणि तिला विचारलं, "का गं आलीस?"

"आईचा वास यावा म्हणून," पोर म्हणाली.

 बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. एवढे दिवस लांब राहणं पोरांना झेपत नाही." आणि त्यांनी तिथंच सांगितलं, दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्या मुलांना ओहोटीची वेळ बघून आम्ही स्वतः आणू, रविवारी परत नेऊ. आईनं पोरीला मांडीवरून उतरवलं. मग चुलीशी जाऊन आमच्यासाठी चहा ठेवला.

पावसाळा लागेपर्यंत आम्ही ते केलं, आणि पुढची काही वर्षंही. मुलांच्या रांगेच्या पुढं बाई, मागं मी. लांबून आया हात पुसत उभ्या दिसायच्या. नोकरीत मी पुढं पुष्कळ शाळा पाहिल्या, पण शनिवारच्या दुपारी मला अजून तो बांधच आठवतो. मिठागरं आता बंद पडलीत. ती पोर निडीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवते.

गेल्या थंडीत मी रोह्याला बाईंकडे गेले. यजमान आता नाहीत. बाईंना ऐकू कमी येतं. सकाळी त्या सरकारी दवाखान्यात जाऊन बसतात, वाड्यांवरून येणाऱ्या बायकांना कुठं जायचं ते दाखवायला. मीही सोबत गेले. बाकावर आमच्या जुन्या गोष्टी निघाल्या होत्या, तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक तरुण आई समोर उभी राहिली. "लहान पोरांचा डॉक्टर कुठं बसतो, बाय?"

"चल, दाखवते," म्हणत बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि तिच्याबरोबर हळूहळू आतल्या बाजूला गेल्या. मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.