लूम चालू असताना

बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत बाईंचा उजवा हात कानामागे जायचा. मान जरा पुढे, डोळे मिटलेले. मग हुकूम यायचा, "मोठ्यानं. खरं असंल तर ऐकू येऊ दे."

तुम्हाला वाटेल, त्यांना कमी ऐकू येत असावं. छे! स्टाफरूममध्ये चार टेबलं पलीकडे कोणी हळूच लाडवाचा डबा उघडला, तरी बाई मान न वळवता म्हणायच्या, "एक इकडं."

आमच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. दिघाशीच्या. रागावल्या किंवा खूश झाल्या की गावची बोली वर यायची. पीएच.डी.च्या नादाला लागलेल्या आम्हा तिघांची त्यांनी ऐंशीच्या दशकात एक बैठक सुरू केली. दर शनिवारी दुपारी, निजामपुऱ्यात, एका चाचांच्या यंत्रमागाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. खोली फुकट होती, कारण खाली लूम चालायचे आणि वर कपातला चहा थरथरायचा.

मी एकदा सुचवलं, "बाई, शुक्रवारी बसूया का? शुक्रवारी लूम बंद असतात."

"शुक्रवारी कुणालाबी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. विषय संपला.

आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. मी 'गणित', वकिली सोडून शिकवायला आलेले सर 'कायदा', आणि डी.एड.च्या पोरींना शिकवणारी माझी मैत्रीण 'शिक्षण'. "कायदा अजून आला न्हाय? गणित, चहा ओत." असा कारभार.

बैठकीचा नियम एकच. आपलं संशोधन आपण सांगायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं. "आपल्या पोराचं कौतुक कुणीबी करतंय. शेजाऱ्याच्या पोराचं करून दाखवा."

माझा विषय गाठींचा. दिसायला वेगळ्या दोन गाठी मुळात एकच आहेत का, हे न सोडता कसं ओळखायचं? कायदा उभे राहिले, कोट सारखा केला आणि लूमच्या वर आवाज चढवून म्हणाले, "माझ्या अशिलाचं म्हणणं असं की, ही गाठ आणि ती गाठ एकच इसम आहे!" चाचा चहा घेऊन वर आले होते. ते म्हणाले, "धागा टूटे तो गाँठ हम भी मारते हैं, मॅडम. लेकिन उसका मुकदमा नहीं चलाते." हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण त्याच खटल्यात, कायद्यांनी भाबडेपणाने विचारलेल्या एका प्रश्नावर, माझी सिद्धता अडली. घरी जाऊन मला ती पुन्हा उभी करावी लागली.

कायद्यांचे भाडेकरूंचे रेंगाळलेले खटले मी सांगितले. शाळा सोडणाऱ्या मुलींवरचं शिक्षणचं काम कायद्यांनी सांगितलं. एकेक करून आमचे प्रबंध पार पडले. माझ्या तोंडी परीक्षेत मी सवयीने असा आवाज लावला की परीक्षक खुर्चीसकट मागे सरकले.

राहिल्या बाई. त्यांचीही पीएच.डी. चालूच होती, विषय मदत. पावसाने आदिवासी पाडे झोडपले की शहरातून काय काय येतं आणि त्याचं पुढे काय होतं. अर्ध्या तालुक्याच्या पाड्यांवर त्या पायी हिंडल्या होत्या. पण लिहायला बसत नव्हत्या. एका शनिवारी सहज म्हणाल्या, "दिवाळीनंतर माझी प्रबंधाची मुदत संपतेय. संपू दे."

इतक्या वर्षांची पायपीट वाया जाणार होती. "का पण, बाई?" मी विचारलं.

"पाड्यावरच्या बाया म्हनतात, लिवून काय व्हनार. मला उत्तर देता येत न्हाय."



पुढच्या शनिवारी आम्ही बैठकीचा नियम त्यांच्यावरच उलटवला. बाईंचा विषय आम्ही तिघं सांगणार. वर्षानुवर्षं चहाबरोबर ऐकलेलं जमेल तसं जोडलं. लोकरीचे स्वेटर आले आणि पाड्याने ते बुजगावण्यांना घातले, हा किस्सा शिक्षणने सांगितला. कायदा गंभीरपणे म्हणाले, "यावरून सिद्ध होतं की, पाड्याला मदतीची गरजच नव्हती."

बाईंचा हात कानामागून खाली आला. "चुकतोय कायदा! गरज व्हती. कौलं हवी व्हती, बियाणं हवं व्हतं. ती म्हातारी काय म्हनाली ठाव हाय? 'आमाला कोनी इचारलाच न्हाय, बाय.' माझा सगळा प्रबंध त्या एका वाक्याचा हाय!"

"मग हे लिहिणार कोण?" कायद्यांनी विचारलं. त्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. बाईंच्याही आलं. त्या म्हणाल्या, "वकिली सोडली न्हाय तुम्ही अजून."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी प्रबंध पुरा केला.

त्यांच्या तोंडी परीक्षेला आम्ही तिघं मुंबईला गेलो. विद्यापीठातली ती खोली गार, गालिचा अंथरलेली. बाई उभ्या राहिल्या आणि आवाजच फुटेना. ओठ हलत होते, पुढच्या रांगेलाही ऐकू जात नव्हतं. मला माझ्या परीक्षेला वाटली नव्हती इतकी भीती वाटली. काय करावं कळेना. मग माझा हात आपोआप कानामागे गेला. शेजारी शिक्षणचा गेला. कायद्यांचाही.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. ओठ दाबून हसू आवरलं. आणि मग असा आवाज लावला की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला.

निवृत्तीनंतर बाई दिघाशीला राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. शोकसभा आम्ही त्याच खोलीत ठेवली, शनिवारी. चाचा वर आले. डोळे पुसत म्हणाले, "आज मशीन बंद कर दूँ?"

"नको," कायदा म्हणाले. "बाईंना चालणार नाही."

माझी पाळी आली. बाईंवर माझं फार प्रेम होतं, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. खाली लूम धडधडत होते. मी बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ते सांगितलं, घसा बसेपर्यंत मोठ्याने.