दिवा लागतोय, मग चित्र का नाही?

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या घड्याळजींना बंद पडलेली वस्तू दिसली की चैन पडत नसे. त्या दिवशी परगावच्या लेकीशी बोलायला ते कॉम्प्युटरसमोर बसले. आवाज पोचत होता, पण तिला त्यांच्या जागी नुसता काळोख दिसत होता.

"बाबा, कॅमेरा दुकानात दाखवा."

"थांब गं! त्याचा दिवा लागतोय, म्हणजे वीज पोचतेय. मग अडतंय कुठे?"

त्यांनी कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि ते कॅमेऱ्यावर वाकले. काचेपुढे तांदळाएवढी झाकणी होती. नखाने ती सरकवताच लेक किंचाळली. तिच्या पडद्यावर एक भलामोठा डोळा आला होता.

"झाकणी सरकते कशी, ते उघडून बघू?" घड्याळजींनी विचारलं.

"बाबा, आता काहीही उघडू नका!"