हवा उपसणारा मिस्त्री

लाँच चालू असली की गुलाब मिस्त्रीचा डावा हात बाहेर लटकलेला असायचा. इंजिन थंड ठेवायला पंप तलावाचं पाणी आत ओढतो आणि ते कोमट होऊन बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. त्या धारेखाली हात धरून मिस्त्री बसायचा. समोर काट्याचं मीटर होतं, पण तिकडे तो बघत नसे. म्हणायचा, "काटा अटकते कधीकधी. हात नाही अटकत."

मी चौथी शिकलेला माणूस. सत्तर सालानंतर नागपूरजवळच्या एका धरणावर खात्याच्या लाँचवर रोजंदारीने खलाशी लागलो. मिस्त्री खापरखेड्याकडचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आणि तोंडाचा फटकळ. पहिल्या दिवशी विचारलं, "पोहता येते?" मी म्हटलं, येते. "मंग ठीक. इंजिनाले हात लावू नको."

देवीचं विसर्जन झालं की आठवडाभर पाणी ओढायच्या जाळीत झेंडूच्या माळा आणि साड्यांच्या चिंध्या अडकायच्या. धार बारीक झाली की मिस्त्री भर तलावात इंजिन बंद करायचा, लाँचवर साहेब असो का साहेबाची सासू. एकदा एक साहेब चिडले, काठापर्यंत तरी ने म्हणाले. "साहेब, इंजिन जळलं तं नवीन देसाल का मले?" असं म्हणून तो पाण्यात उतरलाही. जाळीतून निघालेलं निर्माल्य परत पाण्यात टाकत नसे. टोपलीत भरून काठावरच्या बाभळीखाली ठेवायचा आणि हात जोडायचा.

पाहुण्यांच्या चहासाठी लाँचच्या टपावर लाकडी खोक्यात गॅसचा छोटा सिलिंडर असे. त्याची नळी आणि रेग्युलेटरही मिस्त्रीच बघायचा. दर सोमवारी ब्रशने साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते न्याहाळायचा. त्या काळी पुष्कळ लोक काडी ओढून गळती बघत. अशा माणसाला तो जवळ उभं करत नसे.

एका मे महिन्यात आमच्या बायकांना लाँचमधून फिरवून आणायचं ठरलं. माझी शांता पण येणार होती. तिला सहावा महिना होता. ऊन असं की टपाला हात लागत नव्हता. मला वाटलं, सिलिंडर तापून फुटेल. आमच्याकडे उन्हाळ्यात काहीही आधी सावलीत सरकवतात, माठ असो की म्हातारा. मी सकाळीच सिलिंडर खाली इंजिनाजवळ नेला, वर ओलं पोतं टाकलं आणि स्वतःवरच खूश झालो. गॅस हवेपेक्षा जड असतो हे मला कुठं माहीत. टपावर गळला तर वाऱ्यावर जातो. खाली गळला तर बोटीच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो, आणि इंजिन चालू करताना एक ठिणगी पुरते.

चार वाजता बाया चढून बसल्या. मिस्त्रीने इंजिनावरची फळी उचलली, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. डिझेलच्या वासात बाकी कोणाला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठून सावकाश म्हणाला, "बायाहो, उतरा. इंजिन रुसलं आज. घाई नाही, एकएक जणी." काठावर चौकीदार विडी ओढत होता. त्याला म्हणाला, "विडी पाण्यात टाक गा."

सगळ्या उतरल्यावर त्याने सिलिंडर बंद करून काठावर दूर नेऊन ठेवला. सगळ्या फळ्या काढल्या, आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन कोरड्या तळातून उपसायला लागला. रिकामी बादली वर यायची, रिकामीच बाहेर पालथी व्हायची. असं अर्धा तास. घाम नाकावरून गळत होता.

"अवं पाहा वं, मिस्त्री हवा उपसून राहिला," एक जण म्हणाली. शांता तर पोट धरून हसली. "अजी, त्याइले दुपट्टा द्या डोक्यावर. ऊन चढलं वाटते."

संध्याकाळी त्याने मला बाजूला नेऊन सांगितलं, काय झालं असतं ते. मी विचारलं,

"काहून नाही सांगितलं सगळ्याइले?"

"सांगून काय करू? तुही नोकरी पक्की होऊन राहिली. हसू दे त्याइले." मग म्हणाला, "पन सिलिंडर पुन्हा हालवला तं तुलेच उपसून फेकीन."

त्याला नाव पडलं ते पडलंच, हवा उपसणारा मिस्त्री. रिटायर झाला तेव्हा निरोपाच्या भाषणातही कोणीतरी तेच सांगून हशा पिकवला. तो खाली बघून हसला. पुढं तो वारला, तेव्हा घाटावरही दोघंतिघं तीच गोष्ट काढून हसत होते. मी लाकडं रचत होतो. बोललो नाही. तोवर मला पक्कं होऊन दहा वर्षं झाली होती, आता नोकरीचं कारणही उरलं नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शांताने ती गोष्ट जन्मभर सांगितली. बादलीची नक्कल करायची, पाहुणे हसायचे, मीही हसायचो. मागच्या हिवाळ्यात रामदासपेठेतल्या दवाखान्यात तिने ती नर्सलासुद्धा सांगितली. हात वर होत नव्हता, तरी बादली करून दाखवली. नर्स गेल्यावर मी म्हटलं, शांता, ऐक. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही, झोप. चार दिवसांनी ती गेली.

माझं अक्षर वाईट आहे. हे सगळं आमची सुमन नीट उतरवून देणार आहे. त्या दिवशी शांताच्या पोटात होती ती सुमनच. उद्या ती कागद घ्यायला येईल. मी समोरच बसून राहणार आहे, तिचं वाचून होईपर्यंत.