मोजणी कुठून सुरू करायची

मालन गमरे इमारतींचा धूर मोजायची. अंधेरीतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत तिची ही नोकरी. "इमारतीला कुठे धुराडं असतं गं?" असं आईने विचारलं, तेव्हा तिने विक्रोळीतल्या घरी ओट्याशी उभं राहून समजावलं होतं. सिमेंट भट्टीत भाजतात, लोखंड वितळवून सळया करतात, ते सगळं डंपरमधून येतं. मग पन्नास-साठ वर्षं लिफ्ट, पंप, एसी चालतात. शेवटी इमारत पाडतात आणि राडारोडा वाहून नेतात. प्रत्येक वेळी हवेत काहीतरी जातं. इमारतीच्या जन्मापासून मरणापर्यंत ते किती गेलं, याचा अंदाज बांधायचा.

कंपनी सुबोध परुळेकरची. पण तो मालनचा साहेब नंतर झाला, दोस्त आधीपासून होता. दोघं एकाच पॉलिटेक्निकचे. तिचे वडील दोन महिने हॉस्पिटलात होते तेव्हा तिच्या वाटचे रिपोर्ट सुबोधने लिहिले आणि खाली तिचंच नाव घातलं. हे ती कधी विसरली नाही.

मागच्या वर्षी मुलुंडच्या एका सोसायटीचं काम आलं. चार मजले, बत्तीस घरं. बिल्डरला ती पाडून बावीस मजली टॉवर बांधायचा होता, आणि टॉवर पर्यावरणाला चांगला, असं तो सगळ्यांना सांगत होता. सोसायटीत दोन तट पडले होते. निवृत्त शिक्षिका रत्नप्रभा तावडे, सगळ्यांच्या 'बाई', कुठल्याच तटात नव्हत्या. त्यांनीच सभेत आग्रह धरला, की बाहेरच्या माणसाकडून हिशेब करून घ्या, मग आम्ही मत देऊ.

मालनने दीड महिना त्या इमारतीत काढला. गच्चीवरून पाण्याच्या टाक्या पाहिल्या, घराघरांतली विजेची बिलं मागितली. शेजारी एक बिल्डिंग पाडत होते, तिथल्या डंपरमध्ये बसून ती राडारोडा टाकतात तिथपर्यंत गेली आणि ड्रायव्हरकडून डिझेल किती लागतं ते विचारून घेतलं. बाई रोज चहाला बोलवायच्या.

"आम्हाला त्यातलं काही कळत नाही," बाई एकदा म्हणाल्या. "तू सांगशील ते मी धरणार. माझ्या मजल्यावरचे बाकीचे सातही जण माझ्याकडे बघून मत देतील."

आकडे सरळ होते. जुनी इमारत नीट दुरुस्त केली तर हवेत सुमारे चारशे टन कार्बन. पाडून नवी बांधली तर साडेपाच हजार. नव्या इमारतीत घरटी वीज कमी लागणार, हे खरं होतं. वर्षाला साठेक टन वाचले असते. पण साठ वर्षांत ते छत्तीसशे होतात, पाडण्या-बांधण्यात गेलेलं भरून निघत नाही. मालनने तसं लिहून सुबोधकडे दिलं.

"झकास काम केलंस," तो म्हणाला. "सभेत मी मांडतो. तू बस निवांत."

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर तक्ता आला. मालन तिसऱ्या रांगेत होती. तक्त्यात पाडण्याचा आकडा नव्हता. सिमेंट-सळईचाही नव्हता. मोजणी सुरू होत होती ती लोक नव्या घरात राहायला गेल्यापासून, आणि इमारतीचं आयुष्य धरलं होतं शंभर वर्षं. म्हणजे सहा हजार टनांची बचत. खाली लिहिलं होतं: अभ्यास, मालन गमरे.

तिला आधी वाटलं, चुकीची फाइल उघडली. सुबोध आता थांबेल, सॉरी म्हणेल. तो थांबला नाही. बाईंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मालन खुर्चीतच बसून राहिली. हात वर झाले. इमारत पाडायचा ठराव पाच मतांनी पास झाला.

जिन्याखाली तिने सुबोधला गाठलं.

"तू काय केलंस हे?"

"एक तरी आकडा खोटा आहे का सांग. मोजायला कुठून सुरुवात करायची, तेवढंच ठरवलं."

"माझं नाव का घातलंस मग?"

"लोकांचा तुझ्यावर विश्वास होता यार. माझ्यावर कोण ठेवणार?" तो गाडीची किल्ली काढत म्हणाला. "त्या बिल्डरकडून आपल्याला अजून सात कामं यायची आहेत. तुझीपण नोकरी त्यातच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. मूळ अहवालाच्या बत्तीस प्रती काढल्या, वर एका पानावर लिहिलं की सभेत दाखवलेला तक्ता माझा नाही, आणि प्रत्येक दाराखालून आत सरकवल्या. तीन जणांचे फोन आले. एकाने तिलाच विचारलं, आता हे सांगून काय उपयोग? करारावर सह्या सुरू झाल्या होत्या. पावसाळ्यानंतर इमारत पाडली.

सुबोधचे मेसेज येत राहिले. 'रागावलीस का?' असा एक होता. तो तिला सगळ्यात जास्त लागला.

बाई वाकोल्याला भाड्याच्या खोलीत गेल्याचं कळलं तेव्हा मालन पत्ता शोधत गेली. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. खोलीत अजून न सोडलेली खोकी होती. चहाचं त्यांनी विचारलं नाही.

"तुझं पत्र वाचलं मी," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचलं. त्याने तुला फसवलं, ते समजलं."

मालनने पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"पण तू तिथेच बसली होतीस गो. हात वर व्हायच्या आधी उठून एक वाक्य बोलली असतीस तर? मी तुझ्याकडे बघत होते."

"मला वाटलं, तो थांबेल."

"आणि मला वाटलं, तू बोलशील," बाई म्हणाल्या, आणि रिकामा पेला उचलून मोरीकडे गेल्या.