पाटीवरची तमिळ

तंजावरच्या एका इस्पितळात रोग्यांचे कान तपासायचं काम माझ्याकडे होतं. कर्करोगाच्या काही औषधांनी कान जातात. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून दर खेपेला औषध चढवण्याआधी रोग्याला माझ्याकडे पाठवत. पंखा बंद करून, घामाघूम होत मी एकेक आवाज द्यायची. ऐकू आला की रोग्याने बटण दाबायचं.

घरोघरी केबल येत होती त्या वर्षांत माझी सख्खी आत्याच त्या खुर्चीत येऊन बसली. तिसऱ्या खेपेला ती पटापट बटण दाबू लागली. मी आवाज दिलाच नाही, तरी दाबलं. माझं डोकं फिरलं.

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस, आत्या?"

"लिहू नको गे. औषध थांबवतील. मज अजून जगायचं आहे."

मी खरं तेच लिहिलं. डॉक्टरांनी आत्या-आतोबांना बसवून सांगितलं, दुसरं औषध आहे, पण त्याचा गुण एवढा नाही. आतोबा म्हणाले, "कान जाऊ देत, तू राहा." दगडापेक्षा वीट मऊ. तेच औषध चालू राहिलं.

गाठ विरघळली आणि कानही गेले. कुणी बोलतंय एवढं तिला कळे, काय ते कळेना. यंत्र लावून पाहिलं, त्याने नुसता गोंगाट वाढला. मग पाटी आली. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या आम्हा लोकांची मराठी फक्त तोंडातली. देवनागरी त्या घरात कुणालाच येत नव्हती, मीही ती फार उशिरा शिकले. त्यामुळे लिहायचं ते तमिळमध्ये. आतोबांची हयात सरकारी कचेरीत गेलेली, त्यांची तमिळही कचेरीतलीच. 'भोजन तयार आहे. यावे.' आत्या म्हणायची, "ही नोटीस कुणी लावली?" जन्मभर मराठीत भांडलेली माणसं ती, पाटीवर त्यांना धड भांडताही येईना. मला त्या पाटीचा संताप येई. पुढेपुढे आतोबा लिहीनासेच झाले.

दोन वर्षांनी गाठ परत आली. एका दुपारी आतोबा तिच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ मराठीत बोलले. तिने कळल्यासारखी मान हलवली. ते बाहेर गेल्यावर मला विचारलं, "काय म्हटलं गे त्यांनी?"

ते म्हणाले होते, मज टाकून जाऊ नको, ह्या घरात मी कुणाशी बोलू. जमेल तेवढ्या साध्या तमिळमध्ये मी लिहिलं. तिने दोनदा वाचलं आणि पाटी मला परत दिली.

"हे तू लिहिलंस. ते असं बोलत नाहीत."