माझ्या मातीचं गाणं सावकाश म्हणा

आमच्या ख्रिस्ती लोकांत माणूस गेलं की घरापास्नं दफनभूमीपर्यंत गाणं म्हणत न्यायचं. बाजा, म्हंजे वाजवायची पेटी, उपरण्यानं गळ्यात बांधून एकजण फुडं, त्याच्या मागं शवपेटी, आणि तिच्या मागं आमी सगळी, रडत आणि गात. दोन्ही एकदम करायचं. सवय लागती.

माझा मालक गेला तवा पोरगं शाळंतबी जाईत न्हवतं. शिरोलीच्या फौंड्रीत मालकाच्या छातीत धूळ बसली ती काय निघाली न्हाय. त्याला नेताना म्हाताऱ्या लोकांनी जे गाणं धरलं, ते इतकं सावकाश की एक ओळ संपस्तवर बैलगाडी म्होरनं निघून जाईल. माझ्या पायात बळ न्हवतं त्या दिवशी. पण गाणं सावकाश म्हणून खांदेकरी सावकाश, खांदेकरी सावकाश म्हणून मीबी पोचले. मूठभर माती टाकली. फुडच्या आठवड्यात त्याच फौंड्रीत वाळू चाळायला उभी राहिले. पोरगं जावंकडं टाकायचं आणि जायचं. वाळू चाळतानाबी तोंडात तेच गाणं. मुकादम म्हणायचा, "मावशी, जरा दुसरं म्हणा की. भट्टी विझंल."

मला वाचाया येत न्हाय. देवळातली, आमी चर्चला देऊळच म्हणतो, तिथली गाणी सगळी कानानं पाठ. मग देवळात बॅन्ड आला. पुस्तकं कपाटात गेली आणि गाणी भिंतीवर आली, उजेड पाडून. एकच ओळ परत परत म्हणायची. मला बरंच पडलं, पाठ कराया सोपं. टाळ्या वाजवा म्हटलं, वाजवल्या. उड्या मारा म्हटलं, तिथं गुडघे न्हाय म्हणाले. माझी नातच कीबोर्ड वाजवायची, मग मी कुणाला नावं ठेवू? नावं ठेवायचं काम माझ्या जावंकडं हुतं. पैल्या बाकावर बसून ती मोठ्यानं म्हणायची, "देवळात आलोय का गणपतीच्या मिरवणुकीत?"

तरी सगळं चाललं हुतं. मग देवळातला एक जुना पंच वारला, आणि त्याच्या मातीला पोरांनी टाळ्यांचं गाणं धरलं. ढोलकं गळ्यात. खांदेकरी तालात चालाया लागले, आणि ताल पळता, म्हणून तेबी पळते. आमी म्हाताऱ्या ऱ्हायलो मागं. नाक्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मागं दोन ट्रॉल्या. आमी पोचलो तवा खड्डा बुजवून, हात धुवून लोकं चहा पीत हुती. जाऊ मुठीत माती घेऊन तशीच उभी.

"आता ही कुठं टाकू?" म्हणाली. "ह्यांच्या चहात?"

मी हसले, पण घरी आल्यावर डोक्यात आलं. माझी माती निघंल तवा ही बया अशीच मागं ऱ्हाणार. तिचे गुडघे माझ्याहून वाईट. जल्मभर भांडली माझ्यासंगं, पण वाळूच्या दिवसांत माझ्या पोराला खाऊपिऊ घातलं तिनंच. तिची मूठ चुकली तर मला खड्ड्यात चैन पडायची न्हाय.

नातीला म्हटलं, "माझ्या मातीला ते जुनं गाणं म्हणायचं. सावकाश."

"आज्जी, तू लगेच कुठं चाललीयास?"

"चालले न्हाय. सांगून ठेवते."

"आमाला येत न्हाय ते. लई लांबडं हाय."

"माणूस मेल्यालं असतंय. त्याला कुठं घाई हाय?"

शनवारी दुपारी ती बॅन्डची सगळी पोरं घेऊन आली. मी एकेक ओळ सांगितली, त्यांनी घेतली. बसून ब्येस म्हणायची. चालाया लागली की पळायची. म्हटलं, ह्यास्नी खांद्यावर वजन पायजे. माझी खाट उचलाया लावली. मोकळी खाट हलकी, घेऊन पळाली. मग वर गव्हाचं पोतं ठेवलं. पोतं फाटकं, गहू सांडाया लागला, म्हणून वर चादर टाकली. पांढरी, कारण फुलाफुलाची धुवायला काढली हुती.

नातीनं देवळातला जुना बाजा आणून ओढणीनं गळ्यात बांधला. मी बजावलं, "मी नाक्यावर नळाच्या कट्ट्यावर बसते. शेवटची ओळ माझ्यापाशी संपली पायजे. काय बी झालं तरी मधी थांबायचं न्हाय. थांबला तर परत पैल्यापास्नं." आणि फुडं जाऊन कट्ट्यावर बसले.

ते गाणं आमच्या गल्लीत पोरासोरांनाबी ठावं. ते मयतालाच म्हणत्यात. हे माझ्या ध्यानात याया पायजे हुतं, पण माझं सगळं ध्यान तालावर.

खाट दारातनं भाईर पडली. समोरच्या किराणा दुकानाच्या अक्कानं ते बघितलं, आधी फोन उचलला आणि मग दुकानाचं शटर खाली वढलं. पानपट्टीवाल्यानं रेडिओ बंद केला. एक पावणा सायकलवरनं चाललेला, खाली उतरून टोपी काढून उभा. अक्का खाटेमागनं चालाया लागली, तिच्या मागं अजून दोघी-तिघी. आणि मग जाऊ आली, पिठाच्या हातानं.

"अगं माझे बाई! सकाळी तर भांडलो की गं आपण!"

मी कट्ट्यावरनं वरडले, "अगं, मी हितं हाय!" पण गाण्यात कोण ऐकतंय. पोरांनी ऐकलं असंल, पण त्यास्नी मीच सांगितलं हुतं, थांबायचं न्हाय. नातीचं तोंड लाल झालेलं, हसू दाबून दाबून, पण सूर सोडला न्हाय तिनं. मग मीबी गप बसले. म्हटलं, ऐकून घ्यावं. परत काय ऐकाया मिळणार न्हाय.

"लई सोसलं हो हिनं," अक्का म्हणत हुती.

"सोसलं, आणि कुणाला सांगितलंबी न्हाय," जाऊ म्हणाली. "तोंडानं फाटकी हुती, पण मनानं सोनं." तोंडानं फाटकी म्हणं! तिनं म्हणावं!

शेवटची ओळ बरोबर कट्ट्यापाशी संपली. खाट खाली ठेवली. जावंनं पदरानं डोळं पुसलं आणि मला बघितलं.

"मेली न्हाईस?"

"न्हाय."

"मग हे कोण?"

"गहू."

तिनं पिठाच्या हातानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की लुगड्यावर पंजा उठला. "तव्यावर भाकरी जळली की गं माझी!"

अक्कानं कपाळाला हात लावला. "मी तुझ्या पोराला शिरोलीला फोन केला की!"

पोरगाबी आता फौंड्रीतच कामाला. तो आला, कंपनीच्या टेम्पोतनं, अर्धी पाळी संगं घेऊन, सगळी काळ्या तोंडाची. टेम्पोतनं रडतच उतरला. मला बघितलं आणि रडं थांबंचना त्याचं, मग त्या रडण्याचाच राग आला त्याला. घरात कुणी मेलं की शेजारी चहा आणत्यात, तो अक्कानं घरात सांगून आधीच चढवलेला. सगळ्यास्नी तो पाजला. टेम्पोतल्या पोरास्नी म्हटलं, खांदा द्याया आलाईसा तर पोतं तरी आत ठेवा.

रविवारी पाळकसायबांनी बोलवून घेतलं. "मावशी, हे काय करून बसलासा?"

मी म्हटलं, "सायेब, जाऊ खाटेबरोबर पोचली."

त्यास्नी काय कळलं न्हाय. पंचाच्या मातीची गोष्ट सांगितली तवा कळलं. मग म्हणाले, "गाणं ठेवूया. पोतं नको."

तवापास्नं कुणाचीबी माती असू दे, पोरं तेच गाणं म्हणत्यात. म्या माझ्यासाठी राखून ठेवलेलं, आणि वापरून घेतलं सगळ्या गल्लीनं. मीच तेवढी ऱ्हायले.

जाऊबी माझ्या आधी गेली. नात फुडं, बाजा गळ्यात. माझे गुडघे आता जावंच्या वरताण झाल्यात. नाक्यावर मी लईच मागं पडले. नातीनं वळून बघितलं, आणि एक ओळ संपत आलेली ती परत वढून लांबवली. खांदेकरी जागच्या जागी पाय टाकत ऱ्हायले.

मी पोचले. मुठीतली माती खड्ड्यातच पडली, कुणाच्या चहात न्हाय.