समोरच्या दुकानातला हात

मशीद सहाशे वर्षांची. तिच्या कमानी कागदावर उतरवायला मी गेले होते, पण आठवडाभर बसले ती तिच्या भिंतीला लागून असलेल्या तांबट गल्लीत, उस्ताद म्हणवल्या जाणाऱ्या एका म्हाताऱ्या तांबटाच्या दुकानाच्या पायरीवर. तिथून मधली कमान नीट दिसायची. शिवाय उस्ताद चहा पाजायचे आणि माझ्या चित्रांना नावं ठेवायचे. "ही कमान आहे की वाकलेला चमचा?"

गल्लीत दिवसभर नुसता ठणठणाट. अजान सुरू झाली की मात्र सगळे हातोडे एकदम थांबत. उस्तादांचाही थांबे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना पाठीमागून काहीतरी विचारलं. उत्तर नाही. दोनदा विचारलं, मग मी रुसून तोंड फुगवलं. थोड्या वेळानं त्यांनी वळून माझं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"ऐकू येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. ओठांवरून समजून घेतो. अजानीला समोरच्याचा हात थांबला, की माझा थांबतो."

पन्नास वर्षं तांबं ठोकून कान गेले होते. इथं भांडं वाजवून, नाद ऐकून मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. उस्ताद काठाला बोट लावून थरथर ओळखायचे. पण बहिऱ्याच्या हातचं भांडं घेणार कोण? दुकान कागदोपत्री धाकट्या भावाचं. त्याला कळलं, की हातोडा सुटलाच. मी कुणाला सांगणार नाही, असं शपथेवर म्हटलं.

सांगितलं नाहीच. पण शेवटच्या दिवशी मी शेण खाल्लं. पुरं झालेलं चित्र नाचवत थेट उस्तादांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. समोरचं दुकान माझ्या आड गेलं. ते चित्र बघून हसले, मान डोलावली आणि ठोकत राहिले. तेवढ्यात अजान सुरू झाली. गल्ली गप्प झाली. एकच हातोडा वाजत होता, आणि मी मेली दगडासारखी तिथंच उभी!

धाकटा आतून धावत आला. "दादा, अजान चाललीय!" मग अगदी कानाशी, "दादा!" तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली नाही. उस्तादांच्या हातातून हातोडा अलगद काढून घेतला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

समोरचे तांबट बघत होते. मला रडू फुटलं. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेव्हा उस्तादांनी डोळे मिटून घेतले.